कर्जखतापासून क्रेडिट कार्डापर्यंत

गटाच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. तालुक्याच्या बँकेत, मोबाइलच्या दुकानात, कधी नुसत्या फोनवर विचारणा होते, "मॅडम, क्रेडिट कार्ड घेणार का? फुकट आहे." घ्यावे की नको? घेतले तर कोणते? आणि घेतल्यावर वापरायचे कसे? याचे उत्तर शोधण्याआधी आज आपण थोडे मागे जाणार आहोत. कार्ड आपल्याला नवीन असले तरी उधारी आणि व्याज नवीन नाही. आपल्याच मुलखात त्यावरून मोठे रामायण घडले आहे.

पुणे जिल्ह्यातले सुपे हे बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी तिथे आजूबाजूचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर हल्ला केला. त्यांची मुख्य मागणी होती हिशेबाच्या वह्या आणि कर्जखते. ती हाती लागली की ते जाळून टाकत. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले आणि तीसहून अधिक गावांत असे प्रकार झाले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

शेतकरी कागदावर एवढे का चिडले होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले, लोकांनीही घेतले. युद्ध संपले, भाव पडले. त्यातच सरकारने सारा वाढवला. सावकारांनी नवीन कर्ज देणे थांबवले, पण जुने मागणे सोडले नाही.

आता यातली खरी मेख ऐका. १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरवली होती. व्याज वर्षानुवर्षे साचू नये हा हेतू होता. पण तीन वर्षे होत आली की सावकार नवीन खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज म्हणजे नवीन मुद्दल. मग त्यावर पुन्हा व्याज. शेतकरी न वाचता अंगठा उठवी, कारण त्याशिवाय बियाणे मिळत नसे. आपल्याकडे दामदुपटाची जुनी रीत होती, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाही. ती या नवीन खतांपुढे टिकली नाही. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे एक प्रकरण असे आले की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावले होते.

या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. कोर्टाने नुसते खत न बघता कर्जाचा मूळपासूनचा हिशेब तपासावा, दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, सावकाराने पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. हिशेब मागण्याचा हक्क कर्जदाराला असा भांडून मिळाला आहे. तो आजही वापरायचा असतो.

आता कार्डाकडे येऊ. १९५० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचे कार्ड सुरू झाले. हॉटेलात जेवायचे, कार्ड दाखवायचे आणि महिन्याअखेर सगळे पैसे एकदम भरायचे. ती सरळ उधारी होती, आपल्या किराणा दुकानातल्या वहीसारखी. पुढे १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार कार्डे लोकांना न विचारता टपालाने पाठवून दिली. या कार्डात एक नवी सोय होती. सगळे बिल भरले नाही तरी चालेल, थोडे भरा, बाकीचे पुढच्या महिन्यात, व्याजासह. पुष्कळ लोकांचे पैसे थकले, फसवणूकही झाली. शेवटी १९७० मध्ये अमेरिकेला कायदा करावा लागला की मागितल्याशिवाय कोणाला कार्ड पाठवायचे नाही. तिथल्या बायकांना तर स्वतःच्या नावावर कर्ज मागितले की नवऱ्याची सही आणा असे सांगितले जाई. हा भेदभाव बंद करणारा कायदा १९७४ मध्ये झाला.

आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड आणले. पण ते शहरातल्या पगारदारांपुरते होते. गावातल्या बाईला बँकेचे दार उघडले ते वेगळ्या वाटेने. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आपले आजचे गट त्याच वाटेवरचे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या खचल्या नाहीत. अक्षरे गिरवायला लागल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा तोंडी हिशेब येतो, घेऊन बघा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

मैत्रिणींनो, तो तोंडी हिशेब हेच आपले हत्यार आहे. गटात आपण शेकडा दोन रुपये म्हणतो, म्हणजे शंभराला महिन्याला दोन. कार्डाचे व्याज साधारण शेकडा तीन ते पावणेचार असते. वर्षाचे धरले तर ३६ ते ४५ टक्के. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

समजा दहा हजारांचे बिल आले. मुदतीत पूर्ण भरले तर व्याज शून्य. पण बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो, धरा पाचशे रुपये. तेवढेच भरले, तर शेकडा साडेतीनने सुमारे ३५० रुपये व्याज आणि त्यावर ६३ रुपये कर लागतो. ढोबळ मानाने पाचशेपैकी ४१३ यातच गेले, कर्ज फिटले ८७ रुपयांचे. वर बाकी राहिली की नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. तीन वर्षांनी नवीन होणारे खत इथे दर महिन्याला नवीन होते. आणि कार्डाच्या करारात दामदुपट नसते.

मग कार्ड वाईट का? नाही. नीट वापरले तर काही दिवस बिनव्याजी पैसे मिळतात. समजा बिल ५ तारखेला निघते आणि भरायची मुदत २५ तारीख आहे. ६ जूनला शिलाई मशिनची मोटार घेतली, तर ती ५ जुलैच्या बिलात येईल आणि पैसे २५ जुलैला द्यायचे. ४ जूनला घेतली तर २५ जूनलाच द्यायचे. शिवाय वेळेवर भरणा केला की आपल्या नावावर चांगली पत तयार होते. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो आणि पुढच्या कर्जाला तो बघतात. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो.

निवडताना आधी आपल्याकडे आहे ते ओळखा. जनधन खात्याचे रुपे कार्ड हे डेबिट कार्ड, त्यात आपलेच पैसे. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे, पण ते शेतीचे कर्ज आहे. क्रेडिट कार्ड या दोन्हींहून वेगळे. ज्यांना ठरावीक पगार नाही, त्यांनी पहिले कार्ड आपल्या खात्याच्या बँकेकडून, मुदत ठेवीवर मागावे. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी मिळते, त्यामुळे खर्चाला आपोआप लगाम बसतो. वार्षिक फी किती, पहिल्या वर्षीच माफ की कायमची, व्याज शेकडा किती, उशीर झाला तर दंड किती, हे चार प्रश्न विचारा. अर्जासोबत मुख्य अटींचे एक पान द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागून घ्या, वाचता येत नसेल तर गटात वाचून घ्या. न मागता कार्ड देणेही त्याच नियमांनी बंद आहे.

वापरताना हे सांभाळा. महिन्याला जेवढे नक्की भरता येईल तेवढाच खर्च करा. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्याला बिनव्याजी दिवस नसतात आणि वेगळी फी लागते. गटाचा हप्ता भरायला कार्ड वापरू नका. स्वस्त कर्ज महाग कर्जाने फेडायचे नसते. दवाखान्याची किंवा शाळेची मोठी नड असेल तर आधी गटाकडे या. उमेद अभियानात बँकेचे तीन लाखांपर्यंतचे कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळते.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे. घरातले कोणी म्हणेल, तुझ्या नावावर काढू, मी वापरतो. सही तुमची, तर वसुलीही तुमच्याकडे आणि पतही तुमचीच जाते. नाही म्हणणे जड जात असेल तर गटाचे नाव पुढे करा, गटाने परवानगी दिली नाही म्हणून सांगा. गट त्यासाठीच असतो. आणि ओटीपी म्हणजे आजचा अंगठा. तो फोनवर कोणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपल्या खतात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते, आणि जिला येत नाही तिच्या शेजारी वाचणारी बसलेली असते. पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी शेवटचे बिल घेऊन यावे. खाडाखोड झाली तरी चालेल, फळ्यावर शेकड्याचा हिशेब सगळ्या मिळून मांडू.