परसातून गॅलरीत : पनवेलच्या कुंडीमागचा इतिहास

नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथील कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहिले, तर गॅलरीच्या जाळीतून तुळस, गवती चहा, पानओवा आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत वाढणारी मिरची डोकावताना दिसते. हा शहरी माणसाचा नवा छंद आहे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळा आहे. ही कुंडी म्हणजे आक्रसत गेलेले परस आहे.

जुने पनवेल हे खाडीकाठचे व्यापारी गाव. मुंबईहून गलबताने यावे, पनवेलला उतरावे आणि बोरघाट चढून पुण्याकडे जावे, हा एके काळचा रुळलेला मार्ग. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, इतके या गावाचे महत्त्व होते. पुढे पुण्याची लोहमार्गाची वाट कल्याण-कर्जतवरून गेली. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली आणि पनवेल त्या धावपळीतून बाजूला पडले. व्यापाराच्या दृष्टीने हे दुर्दैवच; परंतु त्यामुळे दाट वस्तीचा रेटा येथे उशिरा पोहोचला आणि घरामागची परसे दीर्घकाळ टिकली.

कोकणी परस ही मोठी हिशेबी व्यवस्था होती. मोरीचे सांडपाणी वाया जात नसे. ते थेट अळू, केळ आणि कर्दळीच्या मुळाशी जाई. मांडवावर पडवळ आणि काकडी, कुंपणाला शेवगा, दारात तुळशीवृंदावन. वृंदावन ही खरे तर आपल्याकडची सर्वांत प्रतिष्ठित कुंडीच; जमिनीपासून उंच उचललेली, ठरावीक मातीची, रोज मोजके पाणी मिळणारी. कोकणातून मुंबईच्या चाळीत गेलेल्या माणसांनी परस मागे सोडले, पण तुळस सोडली नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून त्यांनी ती सामाईक गॅलरीच्या कठड्यावर बसवली.

चाळीतल्या या डब्यांना सरकारी प्रोत्साहनही मिळाले, ते संकटकाळात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नागरिकांना अंगणात भाजी लावण्याचे आवाहन करण्यात आले. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि हिंदुस्थानातही ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी सायंकाळी उपवास करण्याचे आणि मोकळ्या जागेत पीक घेण्याचे आवाहन केले. संकट ओसरले की अशा मोहिमा विसरल्या जातात. डबे मात्र कठड्यावर राहिले.

पनवेलचे परस खऱ्या अर्थाने हलले ते १९७० नंतर. त्या वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. त्यात भातशेती होती, मिठागरे होती आणि घरामागच्या वाड्याही होत्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकाराला आली.

येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा झाल्यावर हाती उरतात साडेतीन गुंठे.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात एक गणितज्ञ गुंठ्यांचाच निराळा हिशेब मांडत होता. श्रीपाद अच्युत दाभोळकर, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांवर निर्वाह करू शकते, असा सिद्धान्त मांडला. ऊन हे त्यांच्या लेखी भांडवल होते आणि पान हा ते साठवणारा कारखाना. एकराच्या मोबदल्यात साडेतीन गुंठे हाती आलेल्या पनवेलच्या शेतकऱ्याला हा दहा गुंठ्यांचा हिशेब काय सांगणार होता? त्या साडेतीन गुंठ्यांवर तर विकासकाने इमारत बांधली. मालकाच्या वाट्याला सदनिका आली आणि सदनिकेला गॅलरी.

गॅलरीत ऊन होते. अडचण मातीची होती. एक घनफूट ओली माती जवळपास पन्नास किलो भरते. अशा दहा-पंधरा कुंड्यांचा भार गॅलरीच्या छज्जावर पडतो. शिवाय भातखाचराची चिकण माती कुंडीत भरली, तर पनवेलच्या पावसात पाणी तुंबून मुळे कुजतात. या कोंडीवर मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उत्तर शोधले. रसवंतीगृहातून टाकून दिलेली उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि थोडीशी माती एवढ्या सामग्रीवर त्यांनी गच्चीत पिंपांमधून आणि पिशव्यांमधून भाज्या, एवढेच नव्हे तर फळझाडेही वाढवली. चिपाडे हलकी, पाणी धरून ठेवणारी आणि कुजली की स्वतःच खत होणारी. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या प्रीती पाटील यांनी या शतकाच्या प्रारंभी मुंबई बंदर न्यासाच्या उपाहारगृहाची गच्ची स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर हिरवी केली.

जुन्या परसातील मोरीचे पाणी अळूला जात असे. नव्या गच्चीवर भाजीची देठे वांग्याला जाऊ लागली. शहरात माती नाही, पण कचरा मुबलक आहे, हे या मंडळींनी ओळखले. त्यांच्या कार्याला कृषिइतिहासात मिळायला हवे तेवढे पान अजून मिळालेले नाही.

मिरची, टोमॅटो ही गॅलरीतील लाडकी रोपे मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज काळानंतर किनाऱ्याकिनाऱ्याने येथवर आलेली. अळूचे तसे नाही. ते जुन्या परसातले. आज बाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीत, गॅलरीतल्या कपडे धुण्याच्या जागेजवळ ते लावलेले आढळते. सांडपाणी त्याच्याकडे वळावे म्हणून पेटीखाली एका बाजूला वीट सरकवलेली असते.