वर्गनाट्य आणि मुलांचे भावनिक स्वास्थ्य

वर्गनाट्य : शाळेच्या वर्गात, प्रेक्षकांसाठी नव्हे तर ते करणाऱ्या मुलांसाठीच चालणारा नाट्यव्यवहार. यात संहिता, नेपथ्य वा रंगभूषा यांची गरज नसते. शिक्षकाने सुचवलेल्या प्रसंगावर मुले आयत्या वेळी बोलतात, भूमिकांची अदलाबदल करतात आणि अखेरीस गोलात बसून झालेल्या प्रसंगाविषयी चर्चा करतात. बालनाट्य म्हणजे मुलांनी किंवा मुलांसाठी रंगमंचावर सादर केलेले नाटक. त्याची आणि वर्गनाट्याची गल्लत मराठीत सर्रास होते, आणि स्नेहसंमेलनासाठी महिनाभर पाठ करून घेतलेल्या संवादांनाच नाट्यशिक्षण म्हटले जाते.

भावनिक स्वास्थ्य म्हणजे राग, भीती, मत्सर, दुःख ओळखता येणे, ते शब्दांत किंवा कृतीत मांडता येणे आणि त्यांतून सावरता येणे. वर्गनाट्याचा येथे उपयोग होतो तो मुख्यतः भूमिकेच्या आडोशामुळे. ‘मला भीती वाटते’ असे न सांगणारे मूल हातातल्या बाहुलीच्या तोंडून तेच सहज बोलून जाते, कारण ते बोलणे त्याचे स्वतःचे ठरत नाही. हा आडोसा शिक्षकाने काढून घ्यायचा नसतो : ‘हे तुझ्याच घरचे आहे का?’ असा प्रश्न वर्गात विचारू नये, आणि खेळ संपताच प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून भूमिकेतून बाहेर आणावे, असा संकेत आहे. याकोब मोरेनो यांनी व्हिएन्नात रुजवलेले मनोनाट्य ही उपचारपद्धती होय. वर्गनाट्य उपचार नव्हे. त्याची शैक्षणिक मांडणी इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९५४ च्या ग्रंथात केली, तर नटमंडळीच शाळेत जाऊन मुलांना प्रसंगात ओढून घेतात तो प्रकार १९६५ मध्ये कॉव्हेंट्री येथे सुरू झाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे याच धर्तीचे पथक १९८९ मध्ये दिल्लीत स्थापन झाले.

मराठीतील परंपरा : पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातील शिक्षक शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटा एकाच पात्राच्या बोलण्यातून अख्खा प्रसंग उभा करतात. त्यांवर इंग्रजी कवी ब्राउनिंगच्या एकभाषितांचा प्रभाव मानला जातो. तो किती, याविषयी एकमत नाही. एकट्या मुलाला, कोणत्याही साहित्याविना करता येणारा हा प्रकार शाळांत टिकला, मात्र बहुधा पाठांतराच्या स्पर्धेपुरता. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’मध्ये रंगवलेला चौथीचा वर्ग आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांचे बालशिक्षणाचे कार्य यांत नाट्य हा रोजच्या वर्गाचाच भाग होता.

रंगमंचीय बालनाट्याची नोंद अधिक तपशीलवार मिळते. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून परतलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरीलिखित ‘मधुमंजिरी’ सादर केले आणि मुलांचे नाटक मुलांच्या बुद्धीचा मान राखून, पूर्ण तयारीनिशी करण्याचा पायंडा पडला. राजकन्या व राक्षसांच्या या रंगभूमीला डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनहून पुण्यात आणलेल्या ग्रिप्स चळवळीने छेद दिला. प्रौढ नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या आणि आईबापांची भांडणे, खेळायला जागा नसणे, मोठ्यांची दडपशाही यांसारखे विषय मुलांच्या बाजूने मांडायचे, ही तिची रीत होय. मुलांच्या भावजीवनाचा विचार करता मराठी रंगभूमीवर याहून महत्त्वाचे वळण दाखवणे कठीण आहे. मतकरींनीच २०१४ मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधील मुले आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका स्वतः रचू लागली. वर्गनाट्याच्या तत्त्वाला तो सर्वांत जवळचा म्हणावा लागेल.

अनसिंग व वऱ्हाड : वर्गनाट्यासाठी परिसरातला प्रसंग कसा निवडावा याचे उदाहरण म्हणून वऱ्हाडातील अनसिंग घेता येईल. हे वाशिम तालुक्यातील, वाशिम–पुसद मार्गावरील गाव. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्राने विशेष पॅकेज दिलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आणि २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही त्याचा समावेश होता. कोरडवाहू सोयाबीन व तुरीवर घर चालते तेथे पावसाची ओढ, कर्ज आणि घरातला अबोला मुलांपर्यंत पोचतोच. अशा वर्गात राजवाड्याच्या प्रसंगापेक्षा सोंगणी करून लावलेली सोयाबीनची सुडी अवकाळीने भिजली, हा प्रसंग अधिक बोलका ठरतो : एकदा बाप झालेला मुलगा पुढच्या फेरीत आई होतो, मग व्यापारी, मग दारात उभे राहून सारे ऐकणारे पोर. संवाद वऱ्हाडीत, बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलांना त्यांच्या गोरबोलीत करू द्यावेत. प्रमाण भाषेची सक्ती केल्यास भावनेआधी शब्दच अडतो.

या भागाला असा खेळ परका नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, सासू–सुनेची बोलाचाली त्यांत संवादरूपाने येते आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. दंडार हा लोकनाट्यप्रकारही विदर्भातलाच.

मूल्यमापन : वर्गनाट्याचे गुणांकन करू नये.

सद्यःस्थिती : बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकमालेत कलाशिक्षणाखाली नाट्याला जागा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद असून त्याच्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा एक आहे. त्यासाठी आठवड्याला एक तास अपेक्षित आहे. वर्गनाट्य या तासात बसवता येते. खेळादरम्यान एखादे मूल सतत रडू लागले, गप्प झाले किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, तर प्रसंग तेथेच थांबवून पालक व वैद्यकीय तज्ज्ञ यांच्याशी संपर्क साधणे हे शिक्षकाचे काम आहे. ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.