शब्दवेध : पॅराक्लीट

मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘क्लेतोस’ म्हणजे बोलावलेला. न्यायसभेत आरोपीची बाजू घेऊन उभं राहायला ज्याला बोलावत, तो पाराक्लेतोस. लॅटिन ‘अ‍ॅडव्होकेटस’ची घडणही अशीच, कोर्टातला ‘अ‍ॅडव्होकेट’ तिथूनच आला. नव्या करारात हा शब्द ५ वेळा येतो: चारदा योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी, एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात खुद्द येशूसाठी. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना सांगतो की, मी गेलो तरी हा पाराक्लेतोस तुमच्याजवळ सदैव राहील. भाविकाच्या मनातला देव त्यामुळे न्यायासनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यापाशी येतो. मराठी बायबलने इथे ‘कैवारी’ हा शब्द योजला. आपल्याकडे कैवार घ्यायचा तो दुबळ्याचाच, म्हणून शब्द चपखल बसला.