पाँटून नौका

पाँटून नौका म्हणजे दोन किंवा तीन हवाबंद नळकांड्यांवर सपाट तळफळी बसवून तयार केलेली नौका. तराफ्याचेच हे सुधारित रूप होय. नळकांडी बहुधा ॲल्युमिनियमची असतात आणि आतून कप्प्यांत विभागलेली असतात, त्यामुळे एक कप्पा फुटला तरी उरलेले कप्पे नौका तरंगती ठेवतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील अँब्रोज वीरेस याने १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलादी पिंपे जोडून त्यांवर लाकडी तळ बसवला. सहलीची पाँटून नौका तेथून रूढ झाली.

स्थैर्य

साध्या नौकेचे सर्व उत्प्लावन मध्यभागी एकवटलेले असते. पाँटून नौकेत ते दोन्ही कडांकडे विभागलेले असल्याने एका बाजूला प्रवासी सरकले तर त्या बाजूचे नळकांडे अधिक बुडते, अधिक पाणी विस्थापित करते व नौकेला परत सरळ करते. म्हणूनच वृद्ध व लहान मुलांना तिच्यावर उभे राहणे, चालणे सोपे जाते. इंजिनाचा पंखा वर उचलल्यास ती उथळ पाण्यातही चालते.

हे स्थैर्य अमर्याद नाही. सर्वजण छायाचित्रासाठी पुढच्या टोकाला जमले, तर नळकांड्यांची टोके पाण्याखाली जाऊन लाट थेट तळावर येते. छत मोठे असल्यास वारा ते शिडासारखे धरतो आणि नौका भरकटते. एकदा मर्यादा ओलांडून एक बाजू वर उचलली गेली, की उलटण्यास फारसा वेळ लागत नाही.

इतर नौकांशी तुलना

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर चालतात त्या वल्ह्यांच्या व पायडलच्या नौका स्वस्त आणि शांत असतात, परंतु त्या थोड्याच प्रवाशांच्या आणि काठाजवळच्या फेरीच्या. इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या तळाची फायबरची मोटरनौका लाटा कापते आणि वेगवान असते; मात्र उभी असताना ती अधिक डुलते. फुगवता येणारी रबरी नौका हलकी व तरंगती, पण काटेरी झुडपे बुडालेल्या जलाशयात तिला छेद जाण्याची भीती असते.

सोलापूर जिल्ह्यातील जलाशय

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयाची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून, त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यात काठ दूर सरकतो, उघडा चिखल व उथळ पट्टे तयार होतात. भिगवण, कुंभारगाव परिसरात रोहित पक्षी पाहण्यासाठी पर्यटक स्थानिक मच्छीमारांच्या नौकांतून जातात. शांत सकाळी अशा उथळ पाण्यात पाँटून सोयीची ठरू शकते. मात्र विस्तीर्ण पाण्यावर वादळी वारा सुटल्यास लाटा लवकर चढतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव (ता. करमाळा) येथून कळाशीकडे (ता. इंदापूर) जाणारी प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती नौका पाँटून नव्हती. तरीही अशा वाऱ्यात पाँटून सुरक्षित राहील, असे मानणे धोक्याचे आहे. दुधनी ज्या अक्कलकोट तालुक्यात आहे, तेथील बोरी नदीवरील कुरनूर धरणासारख्या लहान जलाशयात लाट कमी उठते, पण अवचित येणाऱ्या वाऱ्यापासून तोही मुक्त नाही.

नियमन

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा बदलला. यांत्रिक नौकांची तपासणी व नोंदणी त्यात अनिवार्य आहे. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी प्रवासी नौका बुडून २२ जण दगावले. मासेमारीच्या नौकेचे रूपांतर करून ती बनवली होती व तिच्यावर क्षमतेहून अधिक प्रवासी होते. कोणत्याही प्रकारच्या नौकेत प्रत्येक प्रवाशाला अंगाला बसणारे जीवरक्षक जॅकेट असणे आवश्यक ठरते. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचे जॅकेट लागते, कारण मोठ्यांचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटून जाते.