मंगळसूत्र ते मदतनिधी: अडलेल्या विद्यार्थ्याला पैसा कसा पोहोचतो

शिक्षण सुटते तेव्हा कारण पुष्कळदा लहान असते: खानावळीची थकबाकी, खोलीभाडे, बसचा पास. आनेकल परिसरात शिकवताना हे मला दरवर्षी दिसते. म्हणून आपत्कालीन मदतीचा इतिहास वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवा. पैसा कुणाच्या हातात पडला? आणि विद्यार्थी म्हणून कुणाला मोजले?

आधी साताऱ्याला जाऊ. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. धान्य लोकांकडून मागून आणायचे, कामे मुलांनीच करायची, असा तिथला संसार. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. आजच्या भाषेत तो संस्थेचा राखीव निधी होता, आणि तो एका बाईच्या अंगावर होता! ना अर्ज, ना समिती. मुले त्याच दिवशी जेवली. पण असा निधी एकदाच मोडता येतो. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या.

'कमवा आणि शिका' या योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहा. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही याच तत्त्वावर. पुढे सरकारवर टीका केल्यामुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. मुलांच्या श्रमाची मिळकत मात्र सरकारच्या मर्जीवर नव्हती.

आता अमेरिका. तिथली सामुदायिक महाविद्यालये म्हणजे दोन वर्षांची, कमी फीची, आसपासच्या लोकांसाठीची. बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकतात. कोविडकाळात, मार्च २०२० च्या 'केअर्स' कायद्याने उच्च शिक्षणाला सुमारे १४ अब्ज डॉलर दिले. महाविद्यालयांना सूत्रानुसार मिळालेल्या रकमेचा किमान निम्मा भाग थेट विद्यार्थ्यांना रोख द्यायचा होता: जेवण, घरभाडे, औषधे, मुलांचा सांभाळ यांसाठी. मात्र वाटपाचे सूत्र पूर्णवेळाच्या हिशेबाचे होते. दोन अर्धवेळ विद्यार्थी मिळून एक! भाडे दोघांनाही पुरतेच भरावे लागते, हे सूत्र बसवणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे. साहजिकच सामुदायिक महाविद्यालयांच्या वाट्याला कमी आले. डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्यात डोकी मोजणेही धरले गेले. परदेशी आणि कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना आधी वगळले होते. ती अट मे २०२१ मध्ये गेली. नंतरच्या पैशातून अनेक महाविद्यालयांनी जुनी फीबाकी माफ केली, त्यामुळे अडलेल्या मुलांना पुन्हा नाव नोंदवता आले.

स्वाध्याय: आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचे नियम मिळवा. अर्ज केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती सह्या लागतात आणि किती दिवस जातात, ते लिहा.