स्वरकेंद्राचा लोप आणि जाणकार श्रोत्याचा कालबोध

युरोपीय कलासंगीतातील स्वरकेंद्री व्यवस्था ही केवळ स्वरांची मांडणी नव्हती. ती काळ मोजण्याचीही एक रीत होती. रचना आधारस्वरापासून दूर जाई, तणाव वाढे आणि परतीची अपेक्षा निर्माण होई. रचनेचा किती भाग सरला व किती उरला, हे जाणकार श्रोता बऱ्याच अंशी या अपेक्षेवरून ताडत असे. केंद्रच लोपल्यावर त्याच्या कालबोधाचे काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नामध्ये उभा राहिला.

आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९०८ मधील दुसऱ्या तंतुवाद्य-चतुष्काच्या अखेरच्या भागात रूढ स्वरकेंद्राचा आधार सोडला. १९०९ मधील ‘एर्वार्टुंग’ या एकपात्री संगीतनाट्यात पराकोटीच्या भावावस्थेचा एक क्षण सुमारे अर्ध्या तासात विस्तारण्याचा त्यांचा हेतू होता. त्यांचे शिष्य आंटोन वेबर्न नेमके उलट टोकाला गेले. १९११ ते १९१३ या काळात रचलेल्या त्यांच्या सहा बागातेल मिळून जेमतेम चार मिनिटांच्या आहेत. बाराही स्वर येऊन गेले की रचना संपली असे त्या काळी वाटे, असे त्यांनी पुढे व्याख्यानांत सांगितले. केंद्राबरोबर दीर्घ रचना बांधण्याचे साधनही गेले आणि विस्तारासाठी काव्याचा आधार घ्यावा लागला, हेही त्यांनी नमूद केले.

ही चर्चा रचनाकारांच्या बाजूची होती. श्रोत्याच्या अनुभवकाळाचा विचार कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन यांनी १९५५ च्या निबंधात केला. काळाची जाणीव बदलांच्या घनतेवर अवलंबून असते. परंतु बदलही सतत एकाच प्रमाणात होत राहिला तर तो एकसुरी भासतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांच्याच ‘क्लाव्हियरश्ट्यूक ९’ या पियानोरचनेवर एरिक क्लार्क व कॅरल क्रुमहान्झल यांनी केलेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. संगीतशिक्षण घेतलेल्या श्रोत्यांना रचनेतील खंडांच्या सीमा दाखवण्यास आणि वेगळा काढलेला खंड रचनेत कोठे येतो हे ठरवण्यास सांगण्यात आले. सीमांविषयी त्यांच्यात बरीच एकवाक्यता आढळली. स्थाननिश्चितीही, काही ठरावीक विचलने वगळता, बरीचशी अचूक ठरली. मोझार्टच्या स्वरकेंद्री फँटसीवरील प्रयोगांचे निष्कर्षही यांच्याशी मिळतेजुळते होते. शांततेच्या जागा, स्वरांच्या उंचीतील आणि पोतातील बदल हेच श्रोत्यांचे मैलाचे दगड ठरले होते.

यावरून स्वरकेंद्र निरुपयोगी होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ऐकलेला भाग कोठे होता हे स्मरणे वेगळे आणि पुढे काय येणार याची ओढ लागणे वेगळे. प्रयोगांनी पहिल्याची ग्वाही दिली. वेबर्न यांची अडचण दुसऱ्याशी निगडित होती. शिवाय १९९० चा प्रशिक्षित कान हा १९०८ चा कान नव्हता. शोनबर्ग यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या खाजगी संगीतप्रयोग मंडळात नव्या रचना पुनःपुन्हा ऐकवल्या जात, त्या ऐकणाऱ्यांचा कान घडावा म्हणूनच. जाणकाराचा कालबोध हा निसर्गदत्त नव्हे. त्यालाही इतिहास आहे.