जिओपॉलिमर बंधक (शिरूर-दौंड परिसर)

सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या बारीक भुकटीत कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली कालवली की तयार होणारा, सिमेंटसारखा घट्ट बसणारा पदार्थ. हे नाव फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ दाविदोव्हिट्स यांनी १९७० च्या दशकात दिले; मात्र त्याआधी, १९५० च्या दशकात, कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी अल्कली घालून स्लॅगपासून सिमेंट बनवले होते. नेहमीच्या सिमेंटचा क्लिंकर सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजतात. इथे कच्चा माल आधीच जळून आलेला असतो.

भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावरच्या या पट्ट्यात तो माल म्हणजे उसाची राख. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर असे साखर कारखाने इथे उभे राहिले. केडगाव, खुटबाव, राहू भागात गुऱ्हाळेही पुष्कळ. टनभर उसातून सुमारे २८० किलो बगॅस (रस काढून उरलेला चोथा) निघते आणि ते जळून सहा-आठ किलो राख उरते. अशा राखेत बहुधा ६० टक्क्यांहून अधिक सिलिका सापडते, पण या आकड्यावर विसंबू नये. उसाच्या बुडख्याला चिकटून आलेली वाळूही त्यात मोजली जाते आणि स्फटिकी वाळू कॉस्टिकला सहसा दाद देत नाही. कामाची ती उसाने स्वतः शोषलेली, अस्फटिकी सिलिका. बॉयलरचा ताप फार चढला तर तीही स्फटिक होते. कमी पडला तर कोळसा उरतो. चुलवणातली राख बादलीभर पाण्यात टाकून पाहावी : अर्धवट जळलेल्या काळ्या काड्या वर तरंगतात, करडी भुकटी सावकाश खाली बसते, तळाशी बोटांना वाळू खरखरते. म्हणून चाळणे आणि दळणे चुकत नाही.

या राखेत ॲल्युमिना मात्र तोकडे. त्यासाठी औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश किंवा भाजलेली केओलिन माती जोडीला लागते. राखेचा खरा उपयोग दुसराच वाटतो : कॉस्टिकच्या द्रावणात तापवून तिच्यातून सोडियम सिलिकेट काढणे. बाजारातले सिलिकेट वाळू आणि सोडा ॲश हजार अंशांपुढे वितळवून करतात. मिश्रणातला महागडा घटक तोच. त्याची कोरडी भुकटी आधीच मिसळून ठेवली, तर गवंड्याला फक्त पाणी घालावे लागते आणि कॉस्टिकने हात भाजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

अल्कली जास्त झाली की पृष्ठभागावर पांढरा लोणा फुटतो. फ्लाय ॲशचे मिश्रण साधारणतः दिवसभर ६० ते ९० अंशांवर ठेवावे लागते, ते बांधकामाच्या जागी अवघड. अल्कलीने घडवलेल्या काँक्रीटचे भारतीय मानक १७४५२ (२०२०) हेही प्रीकास्ट वस्तूंपुरतेच आहे. पेव्हर ब्लॉक त्यात बसतात.